मी येईपर्यंत सोडू नको

बसा, आणि आधी ते दार लोटून घ्या. वाऱ्याच्या रात्री उघडं दार मला सोसत नाही. तुमची काकू आतून ओरडेल, झोपायच्या वेळी पोरांना कशाला घाबरवता म्हणून. पण पोरं कसली, दाढ्या करता तुम्ही आता. आणि मी रचून काही सांगत नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे हे, काकूच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या. तो थापा मारत नाही. थापा मारायलाही डोकं लागतं. जन्मात एकदा त्याने विनोद सांगितला, तोही अर्ध्यावर विसरला.

त्याचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. बांधकाम चालू असतं तिथे भोवती तात्पुरतं कुंपण उभं करून देतो. पुरुषभर उंचीच्या लोखंडी जाळीच्या चौकटी असतात. त्या सिमेंटच्या ठोकळ्यांत रोवायच्या, एकीला दुसरी क्लॅम्पने आवळायची, आतून तिरके टेकू द्यायचे आणि टेकूंवर वाळूच्या गोण्या ठेवायच्या. दिसायला पोरखेळ. जाळीतून वारा आरपार जातो तोवर काही होत नाही. तिच्यावर कापड बांधलं, की मात्र कुंपणाचं शीड होतं.

गेल्या वर्षी मार्चमधला शेवटचा शनिवार. कोपऱ्यावरच्या एका प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणला होता, दुमजली घर आत मावेल एवढा. रस्त्याच्या बाजूला याचं कुंपण आणि त्याला लागूनच फूटपाथ. संध्याकाळी मातीचा ट्रक आत वळेना, म्हणून ठेकेदार म्हणाला, "तेवढ्या भागाचे टेकू काढ रे, सकाळी परत लाव." याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. तरी काढले.

रात्री जेवताना वारा सुटला. याने ताट तसंच सारलं. "आई, टेकू लावून येतो, आलोच," एवढं सांगून निघाला. घाई का, तर माझी मेहुणी पॅकिंगच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होती. अकराला पाळी सुटली की ती आणि तिच्या मैत्रिणी त्याच फूटपाथवरून घरी येतात. रोज. गप्पा मारत, कुंपणाला खेटून.

तिथे जाऊन बघतो तर काय? ठेकेदाराने जाता जाता कुंपणावर कापडी जाहिरात बांधून ठेवली होती. होणाऱ्या इमारतीचं चित्र, गॅलरीत हसणारं कुटुंब. खड्ड्यावरून येणारा वारा त्या कापडात भरत होता आणि सगळी रांग फूटपाथवर झुकत होती. रखवालदार पार मागच्या फाटकाशी. याने हाका मारल्या, पण वाऱ्यापुढे कुणाला ऐकू जाणार!

याने फूटपाथवरून मधल्या चौकटीला खांदा लावला. ती थांबली. खिशात सुरी होती, कापडाच्या दोऱ्या कापल्या की झालं असतं. पण खांदा काढला की चौकट अंगावर येई. पुन्हा खांदा लावला. घड्याळात पाहिलं. अकरा वाजून गेलेले. हा बाबा रडत नाही कधी, पण तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणाला.

तेवढ्यात कापडापलीकडून आवाज आला.

"धरू का?"

साधा आवाज. एखादा मजूर दमून बोलतो तसा. याचा जीव भांड्यात पडला.

"धर बाबा, धर! घट्ट धर!"

चौकट सरळ झाली. एकदम. खांद्यावरचा भार गेला. याने भराभर दोऱ्या कापायला घेतल्या. एका टोकापासून.

"सोडू का?"

"नको, नको. अजून नको."

आणखी दोऱ्या. कापड फडफडायला लागलं. पुन्हा तोच आवाज. तेवढाच. ना जवळ, ना लांब.

"सोडू का?"

आणि वळणावर बायकांचं हसणं ऐकू आलं. त्यांत मेहुणीचंही.

"मी येईपर्यंत सोडू नको!" असं ओरडून हा धावला. हात पसरून सगळ्यांना अडवलं, रस्त्यापलीकडे नेलं. मेहुणी म्हणाली, "अहो, झालं काय?"

इतक्यात मागे आवाज झाला.

धप्प.

माती ढासळल्याचा. खोल. बराच वेळ चालू राहणारा...

याने मोबाइलचा उजेड टाकला. कापड उडून गेलं होतं. चौकट उभी होती. जाळी मोकळी. पलीकडे...

पलीकडे कुणीच नाही. कुंपणामागची जमीनसुद्धा नाही.

याने हाक मारली. "अरे ए!" ... काही नाही. पुन्हा मारली. ...

माणूस गेला. माझ्यामुळे गेला. एवढंच त्याच्या डोक्यात.

मागच्या फाटकापर्यंत धावत जाऊन त्याने रखवालदाराला आणलं, लोक उठवले, दोर सोडून माणसं खाली उतरवली. पहाटेपर्यंत माती उपसली. मजुरांच्या खोल्या पाहिल्या. सगळे मजूर होते. रखवालदार होता. आजूबाजूचं कुणीही हरवलं नव्हतं. खड्ड्यात एक चप्पलसुद्धा सापडली नाही. लोक म्हणाले, तुला भास झाला. यालाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

उजाडल्यावर कुंपण मागे घ्यायचं ठरलं. मधल्या चौकटीचे ठोकळे निम्मे खड्ड्यावर लोंबत होते. तुम्ही म्हणाल, शेजारच्या चौकटींनी धरली असेल. हो, मीही तेच म्हटलं होतं. दोन्हीकडचे क्लॅम्प सोडले, शेजारच्या चौकटी बाजूला नेल्या.

ती पडली नाही.

वारा नव्हता. एकटी उभी. खाली निम्मी जमीन नाही, मागे टेकू नाही...

मजूर मागे सरकले.

मग माझा साडू पुढे झाला. म्हणाला, मला आठवलं, मी त्याला काय सांगून गेलो होतो. मागे दोघांनी त्याची कंबर धरली. याने जाळीत दोन्ही हातांची बोटं घातली. आणि हळूच म्हणाला,

"आलो मी... सोड आता."

...

क्षणभर काहीच नाही.

मग सगळा भार याच्या हातांवर आला. खड्ड्याच्या दिशेने. तिघंही फरफटले, कसेबसे मागे पडले, चौकट अंगावर घेऊन. पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी साडू घरी आला आणि मेहुणीचा हात धरून नुसता बसून राहिला. टेकू काढायला मी हो म्हणायलाच नको होतं, एवढंच म्हणत होता.

कोण होता, मला विचारू नका. त्यालाही माहीत नाही. त्याच्या धंद्यात आता कुणीही टेकू काढून मागितले, तर तो कामच सोडतो.

ती चौकट मात्र त्याने परत कुणाला दिली नाही. गोदामामागे उघड्यावर पडून आहे. मागच्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन बघितली. खांद्याच्या उंचीवर दोन जागी तारा वाकलेल्या आहेत, चार चार बोटांनी ओढल्यासारख्या, पक्कडीनेही वाकणार नाहीत इतक्या जाड तारा. सबंध पावसाळा अंगावर घेऊन अख्खी जाळी गंजून लाल झाली आहे.

त्या दोन जागा सोडून...

तिथे गंज नाही. लख्ख आहेत. बसमधला दांडा रोजच्या हातांनी झिजतो ना, तशा.