होडीचं बारसं

ऑर्नेलाला त्या रविवारी नवऱ्याशी एकच वाक्य बोलायचं होतं. ‘मी त्रिएस्तेला नोकरीला जातेय.’ बस, संपलं. पण रुज्जेरोसमोर वाक्य पुरं करायचं म्हणजे मोठं जिकिरीचं काम. सकाळपासून तिने तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्याने तिच्या हातात काहीतरी कोंबलं. आधी थर्मास, मग टोप्या, मग फोकाच्चा पावाचा तेलकट पुडा.

जुने समुद्री नकाशे दुरुस्त करणं हे तिचं काम. जेनोव्हात ती ते मन लावून करायची. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ते सुटलं. एक-दोन नव्हे, अकरा वर्षं. सासूबाई हिवाळ्यात गेल्या आणि वसंतात त्रिएस्तेच्या संग्रहालयातून लिव्हिया कोसुलिचबाईंचं पत्र आलं, की जागा रिकामी आहे, रविवारी संध्याकाळी सातला फोन करते, त्या फोनवर ‘हो’ म्हणा, नाहीतर सोमवारी मी दुसरीला बोलावणार. ऑर्नेला हो म्हणणार होती, त्यात शंकाच नव्हती. फक्त नवऱ्याला आधी तोंडावर सांगायचं होतं. चोरासारखं निघून जाणं तिला पटत नव्हतं.

आणि रुज्जेरोने नेमकी त्याच दिवशी होडीची सहल काढली.

कामोलीच्या बंदरात, उंच रंगीत घरांच्या सावलीत, ती लाकडी होडी नव्या रंगाचा वास सोडत उभी होती. मागच्या फळीवर निळ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ऑर्नेला.

“बघ तरी,” रुज्जेरो म्हणाला. “आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ना? ही तुझी भेट.”

“माझं नाव आहे ते,” ती म्हणाली.

“मग! दुसऱ्या कुणाचं घालणार होतो?”

अकरा वर्षं बायकोला आजारी आईच्या उशाशी बसवायचं आणि वर भेट काय द्यायची, तर होडीच्या पाठीवर नाव. ऑर्नेला मनातल्या मनात धुमसली आणि पाय सांभाळत होडीत उतरली. होडीत तिला हमखास मळमळायचं. हेही त्याच्या लक्षात नव्हतं.

धक्क्यावर बाचिच्चा जाळं विणत बसला होता. सत्तरीचा कोळी, कामोलीतली प्रत्येक होडी ओळखणारा.

“डॉक्टरसाहेब, हिचं बारसं पुन्हा केलंत वाटतं?”

“केलं की. कसं वाटतं?” औषधाचं दुकान असल्यामुळे रुज्जेरोला सगळे डॉक्टरच म्हणायचे.

“आणि जुनं नाव कुठे ठेवलंत?”

“खरवडून दिलं पाण्यात टाकून. कुठे ठेवणार, कपाटात?”

बाचिच्चा हसला नाही. त्याने हातातली सुई खाली ठेवली. “चेलेस्तीना. हिच्या जुन्या मालकाने बायकोचंच नाव दिलं होतं. चाळीस वर्षं तीच सुकाणू धरायची, तो नुसता बसून असायचा. विचारायला हवं होतंत.”

“कुणाला? बाई जाऊन तीन वर्षं झाली.”

“हो,” बाचिच्चा म्हणाला. बोलताना तो ऑर्नेलाकडे बघत होता.

कामोलीचा कुणीही माणूस होडीचं नाव असं बदलणार नाही. पण रुज्जेरो डोंगरापलीकडचा, भातशेतीच्या मुलखातला. तीस वर्षं समुद्राकाठी काढली, तरी समुद्र त्याच्या अंगाला लागला नव्हता.

इंजिन दोनदा खोकलं. “चल गं ऑर्नेला, चल माझी राणी,” रुज्जेरो म्हणाला.

तिने चटकन मान वर केली. तो इंजिनशी बोलत होता.

मग दिवसभर तेच. “ऑर्नेला, जरा दमानं.” “शाबास, ऑर्नेला.” “ऑर्नेला आज खुशीत आहे बघ.” दर वेळी तिची मान वर व्हायची आणि दर वेळी कळायचं, की आपल्याला नाही. तिला तो ‘अगं’ म्हणत होता, ‘ऐक’ म्हणत होता. पुंता क्याप्पाच्या खडकांपर्यंत पोचेतो तिचं डोकं भणभणायला लागलं.

“रुज्जेरो, इंजिन बंद कर. मला बोलायचंय.”

“इथे? इथे ओढ आहे पाण्याला. पोचल्यावर बोल.”

जवळून एक मासेमारीची होडी गेली. तिच्यावरच्या दोघा म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या आणि हाक मारली, “चेलेस्तीना!”

“होडी ओळखली त्यांनी,” रुज्जेरो खूश होऊन म्हणाला.

असेल. पण ते होडीकडे बघत नव्हते. ऑर्नेलाने नकळत हात वर करून त्यांना उत्तर दिलं आणि मग तो हात मांडीवर ठेवून ती बराच वेळ हाताकडेच बघत बसली.

सान फ्रुत्तुओझोच्या खाडीत, मठाच्या कमानींपाशी ते जेवायला उतरले. पाणी हिरवं, गोटे पायाला पोळणारे, हवेत तळणाचा वास. टेबलं मांडणारी म्हातारी सरळ ऑर्नेलासमोर आली आणि तळलेल्या छोट्या माशांची बशी ठेवून म्हणाली, “घे बाई. लिंबाशिवाय, तुला लागतात तसे.”

“मला लिंबू लागतं,” ऑर्नेला म्हणाली.

“कधीपासून?” म्हातारीने विचारलं आणि निघून गेली.

रुज्जेरो मोठ्याने हसला. ऑर्नेलाने या खाणावळीत आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने त्याच्या बशीतली लिंबाची फोड उचलली, नाकाशी नेली आणि तिला शिसारी आली. फोड परत ठेवून तिने मासे तसेच खाल्ले. छान लागले.

आता मात्र सांगायचंच. तिने काटा खाली ठेवला.

“ऐक. मध्ये बोलू नकोस. मी जातेय. मला नोकरी आहे, तिथे...”

“कुठे?”

शहराचं नाव जिभेवर येईना. समोर दिसत होतं सगळं. पत्र, पत्रावरचा शिक्का, आगगाडीचं वेळापत्रकसुद्धा. नावाच्या जागी नुसतं पाणी होतं. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली. डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाने नव्हे, निव्वळ संतापाने. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते एक वाक्य, आणि तेही हातून निसटावं?

“ऊन लागलंय तुला,” रुज्जेरो म्हणाला. “पाणी पी. घरी जाऊन सांग.”

“सातच्या आत घरी पोचायला हवं.”

“का? सातला काय आहे?”

“काहीतरी आहे,” ती म्हणाली. तिला स्वतःचीच भीती वाटली.

परतीच्या वाटेवर, पुंता क्याप्पाच्या अलीकडे, इंजिन बंद पडलं. रुज्जेरोने किल्ली फिरवली, झाकण उघडलं, शिव्या घातल्या, हात काळे करून घेतले. साडेपाच वाजले. ओढ त्यांना खडकांकडे नेत होती. लाटा कपारीत शिरून घशातून काढल्यासारखा आवाज करत होत्या.

“शिव्या घालण्यापलीकडे काही येत नाही का रे तुला?” ती ओरडली. “सातला मला घरी असायला हवं!”

“अगं, पण हे सुरूच होत नाही, तर मी काय करू?”

ती उठली. पुढच्या फळीखाली हात घातला, पार कोपऱ्यापर्यंत, आणि शिडाच्या फडक्यात गुंडाळलेला लोखंडी दांडा बाहेर काढला. तो इंजिनच्या तोंडात बसवला. एकदा उलटा, दोनदा सुलटा फिरवला. इंजिन धडधडू लागलं.

रुज्जेरो तिच्याकडे बघत राहिला. “ही होडी मी दोनदा रिकामी करून धुतलीय. तिथे काही नव्हतं.”

“होतं.”

“तुला कसं माहीत?”

तोवर तिने सुकाणू हातात घेतलं होतं. मळमळ कुठल्या कुठे गेली होती. तळव्याला लाकडाची झीज नेमकी बसत होती.

होडी खडकांच्या अगदी अंगावरून निघाली. रुज्जेरोने काठ घट्ट धरला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने थेट बायकोला नावाने हाक मारली.

“ऑर्नेला, जरा हळू.”

तिने मान वर केली नाही.

इंजिनचा आवाज मात्र उतरला. होडी हळू झाली.

“ऑर्नेला,” तो पुन्हा म्हणाला, अगदी खालच्या आवाजात.

होडी थांबली.

तिने दांडा पुन्हा फिरवला. बंदरात शिरेपर्यंत त्याने मग ते नाव घेतलं नाही. तिने एका हाताने दोर कडीत अडकवला, बघितलंही नाही, आणि ओल्या पायऱ्या चढून गेली. बाचिच्चा उठून उभा राहिला होता. त्याने टोपी काढली. तिने मान हलवली.

घर बंदरावरच होतं, चौथ्या मजल्यावर. सात वाजता फोन वाजला.

“ऑर्नेला? मी लिव्हिया. सांगा, येताय ना?”

“ऑर्नेला घरी नाही,” ती अदबीने म्हणाली.

“नाही? अहो, आजची वेळ ठरली होती. कुठे गेल्या?”

“खाली बंदरात आहे. तिला नाही यायला जमणार. बांधून ठेवलीय.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“मग मी नकार समजू?”

“समजा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात रुज्जेरो उभा होता. मागे नळ तसाच वाहत होता. “कोण होतं?” त्याने विचारलं. पुढे हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“कुणी बाई होती. ऑर्नेलाला विचारत होती.”

तो खिडकीशी गेला. वारा पूर्ण पडला होता. पाणी बशीतल्या दुधासारखं निवांत होतं आणि सगळ्या होड्या जागच्या जागी गप्प उभ्या होत्या. एक सोडून. ती दोर ताणून, नाक त्यांच्या खिडकीकडे करून, हिसके देत होती. थांबायची, पुन्हा हिसका द्यायची. धक्क्याच्या दगडावर कडी आपटत होती.

“झोपू देणार नाही ही आज,” ती त्याच्या मागे येऊन म्हणाली, आणि हात पुढे करून तिने खिडकीच्या झडपा लावून घेतल्या.