दादाची लाल पाटी

आमच्या कारखान्यात प्रवासी डबे बनतात. एका टोकाने पत्रा आत येतो, दुसऱ्या टोकाने ताज्या रंगाच्या वासाचा डबा बाहेर पडतो. पत्रा दादा शिवायचा, दार मी मिटायची. तो वेल्डर, मी दारं तपासणारी. उघड, मीट, उघड, मीट. हेच माझं दळण.

नियम एकच, तो साहेबालाही चुकत नाही. डब्यावर काम करणाऱ्याने आपली लाल पाटी दाराच्या दांडीला बांधायची. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. पाटी लटकतेय तोवर डबा तसूभर हलत नाही.

दादा उन्हाळ्यात तापाने गेला. घरीच, आईच्या मांडीवर. ठिणगीने कोपरा जळालेली त्याची पाटी आईने मोरीबाहेरच्या खिळ्याला टांगली.

तीच पाटी परवा सकाळी तयार डब्याच्या दांडीला दिसली.

"कुणाची ही थेरं?" फोरमन करवादला. त्याला सगळे मिशा म्हणतात. त्याने दोरी कापली आणि पाटी माझ्या हातात कोंबली. मी ती माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

चहा पिऊन आले, तर पाटी पुन्हा दांडीला. दोरी अख्खी. गाठ डावखुरी, दुहेरी फेऱ्याची. दादाची.

कुलूप तसंच होतं.

डब्यात कुणी नव्हतं. आसनांवरचं प्लास्टिक मात्र हलकेच फुगत होतं, बसत होतं. आणि दारापाशी वेल्डिंगचा वास येत होता.

"ओढा डबा! दुपारी गिऱ्हाईक न्यायला येतंय," मिशा ओरडला. इंजिनवाला पाटीकडे बघत बसून राहिला.

"ज्याने बांधली तो सोडेल," मी म्हणाले.

"तो कुठून येणार, बाई?"

"मग डबा राहील. दादाने यात काहीतरी अर्धं सोडलंय. दारापाशी जमीन उघडा."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे." मी माझी पाटी काढून त्याच्या पाटीशेजारी बांधली. "आता न्या आम्हा भावाबहिणीला ओलांडून."

मग इंजिनवाला खाली उतरला, पाना घेऊन आला, आणि मिशाकडे न बघता दारापाशी गुडघ्यावर बसला.

जमिनीचा पत्रा उचलला. खाली दादाची शिवण, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. अर्ध्यावर थांबलेली. ताप चढला म्हणून त्या दिवशी तो पाटी सोडून घरी गेला होता, आणि पुढच्या पाळीने वरून जमीन घातली होती. उरलेल्या फटीत माझं नख गेलं. तिथेच माणसं दाटीने उभी राहणार होती.

मिशाने स्वतःच दुसऱ्या वेल्डरला हाक मारली.

शिवण जिथे थांबली होती, तिथे मी बोट टेकवलं.

चटका बसला.

दुसऱ्या वेल्डरने सांधा पुरा केला. संध्याकाळी मी माझी पाटी सोडायला गेले. दांडीला एकच पाटी होती.

घरी पोचले, दार लोटलं. खिळ्यावर दादाची पाटी होती. हलत होती.

आई मोरीतून ओरडली, "दारं तपासणारीचे हात एवढे काळे कसे गं? साबण बघ कसा काळा केलायस!"

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.