न्यायला कुणी न आलेले फोटो

प्रेम प्रकाशात जन्माला येतं, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. लातुरात मात्र २००७ साली प्रकाश लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे यायचा. त्यामुळं हे प्रेम भर दुपारी, काळे पडदे लावलेल्या एका फोटो स्टुडिओच्या मिट्ट काळोखात जन्मलं, आणि त्याचे पहिले शब्द होते, "आई गं! पाय!"

"कुणाचा?" काळोखानं विचारलं.

"माझा. त्याच्यावर तुम्ही उभे आहात."

"माफ करा हं... मला वाटलं, लाइटचा स्टँड आहे."

"स्टँड ओरडतो का?"

"आमचा जुना आहे. कुरकुरतो."

शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा जनरेटर धडधडला, आणि त्याच्या वायरवर टांगलेली एक ट्यूब लुकलुकत लागली. समोर एक मुलगी पायाचा अंगठा चोळत उभी होती. तिच्या डाव्या भुवईत मधोमध एक जुनी खोक होती. भुवई तिथपर्यंत यायची, जराशी थांबायची, विचार करायची आणि मग पुढं जायची. आदर्शही तिथंच थांबला.

आदर्श हे त्याचंही नाव आणि स्टुडिओचंही. त्याचे वडील ज्ञानोबा यांना मुलगा आणि दुकान एकाच महिन्यात झालं, तेव्हा पाटी एकदाच रंगवावी लागेल अशा बेतानं त्यांनी दोघांचं बारसं उरकलं होतं. पुढं लातुरात क्लासेस आले. देगलूर, हिमायतनगर, धर्माबादची पोरं ट्रंका घेऊन आली, रात्रंदिवस घोकू लागली, आणि निकाल लागला की त्यांचे चेहरे चौकाचौकात चाळीस फुटी लागू लागले. त्या चेहऱ्यांवरचे मुरूम कॉम्प्युटरवर पुसणं, हा आदर्शचा धंदा. एवढी अक्कल आणि एकही मुरूम नाही, याचं बाहेरगावच्या माणसांना मोठं नवल वाटायचं.

मुलगी धम्मप्रिया. रेणुकादास सरांच्या क्लासच्या ऑफिसात कामाला होती. सरांना आता स्वतःचाच कॅमेरा आणि कॉम्प्युटर घ्यायचा होता, म्हणजे फोटोसाठी बाहेर जायला नको. कोणता घ्यावा, ते विचारायला त्यांनी तिला पाठवलं होतं. थोडक्यात, आदर्शचा धंदा कसा बसवावा हे ती आदर्शलाच विचारायला आली होती. आणि तो सांगायला बसला. कारण भुवई असावी.

"सरांना बारा मेगापिक्सेल पाहिजेत," ती म्हणाली.

"बाराच का?"

"समोरच्या क्लासकडं दहा आहेत."

"मॅडम, मेगापिक्सेल म्हणजे ताटातल्या भाकरी. बारा घ्या नाहीतर वीस घ्या. कालवण लेन्समध्ये असतंय. बॉडी साधी चालेल, लेन्स चांगली घ्या."

"सर म्हणतील, बॉडी मोठी दिसली पाहिजे."

"मग कॅमेऱ्यामागं सरांनाच उभं करा."

ती हसली. सरांना पाहिलेल्या कुणालाही हसू आलं असतं. पण खोक हसताना थोडी वर चढायची, हे आदर्शला नवीन होतं. त्यानं पटकन कॅमेरा उचलला आणि खटका दाबला.

"हे काय?"

"लेन्स दाखवून राहिलो."

"भिंतीवर दाखवा की."

"भिंत लाजत नाही... मग फोकस कळत नाही."

"मी बी लाजत नाही," ती म्हणाली, आणि खाली बघून पिशवीची चेन उगाचच दोनदा उघडली, लावली.

मग कॉम्प्युटर. पैसा मॉनिटरला घाला, रंग खोटा दिसला तर सगळंच खोटं, रॅम सढळ घ्या, आणि वीज गेली तरी हातातलं काम ठेवता यावं म्हणून यूपीएस घ्याच, असं आदर्शनं सांगितलं. "आणि हार्डडिस्क दोन."

"दोन कशाला?"

"प्रत्येक फोटो दोन ठिकाणी ठेवायचा. एक ठिकाण पडलं, तरी दुसरं राहतं."

ती हसत होती, ती थांबली.

"आमचं एकाच ठिकाणी होतं," ती म्हणाली. "सगळं."

"कुठं?"

"मुगळवाडी. औसा तालुका."

लातुरात यानंतर कुणी साल विचारत नाही. त्र्याण्णवच्या त्या पहाटे जमीन हलली आणि मुगळवाडी स्वतःच्याच भिंतींखाली गेली. धम्मप्रिया तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे डोळे आले होते, म्हणून नांदेडच्या मावशीनं तिला तिकडं दवाखान्यात नेलं होतं; पुढं ती तिथंच वाढली. आई, बाप, आजा, लहान भाऊ गावातच होते.

"आईचा फोटो असंल ना एखादा?"

"एक बी नाही." तिनं हे वेळ सांगावी तसं सांगितलं. "आधी आवाज गेला. मग तोंड जायला लागलं. मावशी म्हणती, नाक तुझ्यासारखंच होतं. म्हणून मी सारखी आरशात बघायची... तर तिचं उरलेलं नाक बी गेलं. आता माझंच दिसून राहतं."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले ज्ञानोबा हलले. मोतीबिंदूनं नजर अधू झाल्यापासून ते दिवसभर तिथं बसून दुकानावर कान ठेवत.

"मुगळवाडी म्हणलीस का, पोरी? भीमनगरातलं एक लगीन केलतं म्या. त्याच उन्हाळ्यात. रोल धुतला, फोटो काढून ठेवले. न्यायला कुणी आलंच न्हाई."

"बाबा, राहू द्या की आता," आदर्श म्हणाला.

"ह्यो सारखा म्हणतो, टाकून द्या. म्या न्हाई टाकलं. गिऱ्हाईकाचं हाय ते."

त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडं हात केला. आत खाकी पाकिटं दाटीवाटीनं उभी होती. प्रत्येकावर लग्नघराचं आणि गावाचं नाव. त्या कपाटात गावंच्या गावं होती.

पाकिटातले फोटो ओल धरून एकमेकांना चिकटले होते, पण निगेटिव्ह शाबूत होत्या. त्या मोठ्या करून बघायच्या तर चांगला फिल्म-स्कॅनर लागणार होता, आणि आदर्शकडं तो नव्हता. धम्मप्रियानं सरांच्या खरेदीत तो घालून टाकला. सर म्हणाले, "स्कॅनर कशाला गं?" ती म्हणाली, "सर, जुन्या टॉपरांचे फोटो आहेत." मुगळवाडीत शाळा चौथीपर्यंतच होती, पण सरांनी गाव विचारलं नाही.

"बाया सापडायच्या न्हाईत हां," ज्ञानोबांनी आधीच सांगितलं. "कॅमेरा दिसला की पदर. मी म्हणायचो, बायांनो, तुमच्याच घरचं लगीन हाय, बघा की इकडं. तर आजून खाली ओढायच्या."

नवीन यंत्रं बसवायला म्हणून स्टुडिओतच आली, आणि बसवणं काही संपेना. क्लास सुटला की धम्मप्रिया यायची. स्कॅनरमधला उजेड सावकाश सरकायचा आणि पडद्यावर फोटो वरून खाली उघडत जायचा. आधी मांडवाची झालर, मग कपाळं, मग माणसं.

"हा नवरदेव. गेला," ती सांगायची. "ही त्याची बहीण, गेली. हा हलगीवाला..."

पुढं पुढं तिनं गेलेल्यांचं सांगणं बंद केलं. कुणी राहिलेलं असलं, तर तेवढंच सांगायची. त्यात फारसा वेळ जात नसे. मग दोघं चहा पीत. एका माउसवर दोन हात चुकून येत... आणि चूक दुरुस्त करायला दोघंही जरा उशीर करत.

"तुमची बोटं गार आहेत," एकदा तो म्हणाला.

"तुम्ही माउस सोडा, मग गरम होतील."

"सोडला असता. पण माउस सरांचा आहे, जबाबदारी आहे."

आणि एका संध्याकाळी पंगतीचा फोटो उघडला. झालर, कपाळं, आणि मधोमध एक पोर. तोंडात मावेल त्यापेक्षा जास्त बुंदी, डोळे थेट कॅमेऱ्यात. पोरीच्या मागं, बौद्ध लग्नात नेसतात तशा पांढऱ्या साडीतली बाई. तिचा एक हात पोरीला छातीशी धरून, दुसरा पदर ओढत. चेहऱ्याच्या जागी पदर.

"ही मी," धम्मप्रिया म्हणाली. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "आणि हा पदर... आई."

त्यानंतर ती आणखी सापडली. वाढताना पाठमोरी. खांबाआड. बायकांच्या घोळक्यात, पुन्हा पदर. अख्ख्या लग्नात तिच्या आईनं, पारूबाईनं, कॅमेऱ्याला एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं.

"मोठं करा," धम्मप्रिया म्हणाली.

त्यानं मोठं केलं.

"आणखी."

"आता नुसते चौकोन मोठे होतील."

"बारा मेगापिक्सेलनं काढला असता तर?"

"बारा कोटीनं काढला असता तरी... पदर तो पदरच."

"बरं," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

इथं आदर्शनं गप्प बसायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाच्या हाती फोटोशॉप देऊ नये. त्यानं पहिल्या दिवशी काढलेला तिचा फोटो घेतला. तो चेहरा पंगतीतल्या बाईला बसवला, पदर कपाळापर्यंत मागं सारला, गालावर शेतातलं ऊन चढवलं, डोळ्यांखाली थोडी जागरणं ठेवली, वरून जुन्या फिल्मची खरखर पसरली. मग तिला फोन केला. "एक निगेटिव्ह राहिली होती... या."

ती आली. पडद्यासमोर बसली.

"हीच," ती हळूच म्हणाली. "आई."

काचेवर तिनं बोट ठेवलं. "मोठा काढून द्या. मावशीला पाठवते. एक माझ्या खोलीत लावते, बाबासाहेबांच्या फोटोखाली."

आदर्शनं मान हलवली. आयुष्यात इतकं चांगलं काम त्यानं केलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

कोपऱ्यातून ज्ञानोबा म्हणाले, "आई दिसली म्हणती ही? मग पदर कसा काय सरला रे?"

आदर्शनं माउस उगाचच इकडून तिकडं सरकवला.

"म्या बघितलेलं हाय ते लगीन. त्या पोरीच्या मागच्या बाईचा पदर सरला न्हवता."

तेवढ्यात वीज गेली. पडदा तेवढा उजळलेला राहिला आणि टेबलाखालचा यूपीएस बोंबलायला लागला. टीं... टीं... टीं...

"मावशीला पाठवू नका," आदर्श म्हणाला.

"का?"

"ती... तुम्ही आहात."

टीं... टीं...

"माहीत आहे," धम्मप्रिया म्हणाली.

तिनं पडद्यावरच्या बाईच्या डाव्या भुवईवर बोट टेकवलं. तिथं भुवई थांबली होती, विचार करत होती. "ही खोक मला नांदेडला पडली. पाचवीत. हापशाचा दांडा लागला. आईला कुठून येईल?"

आदर्शनं कपाळाला हात लावला.

"गावातल्या एकूण एक टॉपरचा मुरूम पुसता तुम्ही. ही राहिली कशी?"

"राहिली नाही... ठेवली. म्हणजे, पुसली होती. दोन-तीनदा. पण पुसली की... तुम्ही जाऊन राहिलात तिच्यातून. मग परत आणली."

ती बघत राहिली. पडद्याकडं नाही.

"मग 'हीच' का म्हणलात?" आदर्शनं विचारलं.

"एक मिनिट वाटलं, असू द्यावं. कोण येतंय विचारायला. सगळ्यांच्या घरी फोटो असतो..." तिचा आवाज हलला, तिनं तो थांबवला. "मग बघत होते, तुम्ही कधी बोलता. नसता बोललात, तर फोटो घेऊन गेले असते. परत आले नसते."

टीं... टीं...

"खरा दाखवा," ती म्हणाली.

त्यानं मूळ फोटो शेजारी उघडला. बुंदी, पोर, पदर. ज्ञानोबांनी तेव्हा फोकस पोरीवर धरला होता, त्यामुळं पोरीच्या छातीवरचा हात लख्ख आला होता. हिरव्या बांगड्या, मनगटावरचं गोंदण, अंगठ्याचं चिरलेलं नख. पाचही बोटं फ्रॉकमध्ये रुतलेली.

"तोंड झाकायला एकच हात वापरला तिनं," धम्मप्रिया म्हणाली. "दुसऱ्यानं मला सोडलं नाही." तिनं काचेवर त्या पाचही बोटांवरून आपलं बोट फिरवलं. "मला हा हात द्या. तेवढाच. मोठा करून."

"देतो."

"दोन ठिकाणी ठेवलाय?"

"तीन."

"आणि ही?" तिनं खोट्या आईकडं बघितलं.

"सेव्ह केलेली नाही."

"तुम्ही? सेव्ह केली नाही?"

"सेव्ह करताना नाव विचारतं... काय लिहावं, कळेना."

यूपीएसची टींटीं आता घाईला आली होती.

"धम्मप्रिया," आदर्श म्हणाला, आणि मॅडम गळून पडल्याचं त्याला उशिरा कळलं. "निगेटिव्ह तर संपल्या. पण तुम्ही... म्हणजे तू... येत जाशील का? म्हणजे रोजच. म्हणजे... कायमचंच..."

"लगीन करतीस का म्हण की रे!" कोपऱ्यातून ज्ञानोबा ओरडले. "बॅटरी संपून राहिली!"

पडद्याच्या उजेडात भुवई वर चढली. खोकेपाशी थांबली. विचार केला. पुढं गेली.

"करीन," धम्मप्रिया म्हणाली. "पण मी पदर घेणार नाही. फोटो नीट यायला पाहिजे."

मग ती पुन्हा एकदा पडद्याकडं वळली. जी कधीच नव्हती, त्या बाईकडं तिनं डोळे भरून बघून घेतलं.

"झालं," ती म्हणाली. "आता तो यूपीएस बंद करा आधी. कान किटले."