बाईसाहेबांची फेरी

“खाल्लं का?”

“वास घेतला.”

“मग?”

“मग नाक मुरडलं, पाठ फिरवली आणि लाल सोफ्यावर जाऊन झोपल्या!”

सोफ्यामागे पालथी पडून पहारा करणारी कॅप्टन धूळ झटकत उठली. सुट्टीत आत्याकडे नुसती धमाल करायची, असं ठरवून ती धाकट्या भावाला घेऊन आली होती. हा भाऊ जिथे तिथे शंका काढायचा, म्हणून त्याचं नाव शंकासूर. शेजारचा भोंगा पहिल्याच दिवशी टोळीत सामील झाला. त्याला हळू बोलताच येत नसे. पण आत्याच्या सोफे दुरुस्त करायच्या कारखान्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या तिघांना कळलं, की यंदा धमाल नाही, कामगिरी आहे!

कामगिरी म्हणजे आत्याची म्हातारी मांजर, बाईसाहेब. बाईसाहेबांच्या किडन्या कमकुवत झाल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टरताईंनी खास डबाबंद खाणं दिलं होतं आणि बजावलं होतं, “आता फक्त हेच. मासे, लोणी, दूध सगळं बंद. उपाशीही ठेवायचं नाही हं! पण पुढच्या तपासणीपर्यंत हे पोटात गेलं नाही, तर फार दिवस काढणार नाहीत.”

ते ऐकल्यापासून आत्या गप्प गप्प होती. एरवी ती ओठांत खिळे धरूनसुद्धा सगळ्यांशी गप्पा मारायची. आता मात्र हातोडी ठोकता ठोकता तिची नजर सारखी त्या भरलेल्या वाटीकडे जायची.

“माझी एक शंका आहे,” शंकासूर म्हणाला.

“आता काय?”

“बाईसाहेब घरी काही खात नाहीत. मग काल दवाखान्यात वजन तेवढंच कसं भरलं?”

कॅप्टनचे डोळे चमकले. “म्हणजे त्या बाहेर जेवतात!”

“छे!” आत्या खिळ्यांमधून म्हणाली. “गल्लीतल्या सगळ्यांनी मला शब्द दिलाय. कुणी काही देत नाही.”

आत्याचा सगळ्यांवर विश्वास. टोळीचा नव्हता!

बाईसाहेब खिडकीतून बाहेर पडताच तिघं मागे निघाले. पण भिंत ओलांडायच्या आतच भोंगा ओरडला, “गेल्या! गेल्या! भिंतीवरून गेल्या!” बाईसाहेबांनी एकवार मागे पाहिलं आणि सूंबाल्या केला.

“तुला तोंड बंद ठेवता येत नाही का रे?” कॅप्टन करवादली.

“मी हळूच बोललो!”

“उद्या त्यांच्या पंजांना कापडावर आखायचा खडू लावूया,” शंकासूर म्हणाला. “ठसे उमटतील.”

“वेडा आहेस का? त्या पंजे चाटतात. आधीच आजारी, त्यात पोटात खडू!”

दुपारी बाईसाहेब मिशा साफ करत परत आल्या. कॅप्टनने त्यांना मांडीवर घेतलं आणि शेपटीपासून कानापर्यंत निरखलं. मग ती हसायलाच लागली.

“ठसे कशाला हवेत? सगळा पुरावा अंगावर घेऊन आल्यात!”

हनुवटीला माशाचा खवला चिकटला होता. शेपटीवर मैदा होता. आणि पोटाच्या पांढऱ्या केसांत काळेभोर, आखूड कापलेले केस! माणसाचे!

“मासेवाले काका! बेकरीवाल्या मावशी! न्हावीकाका!” भोंगा एवढ्यांदा ओरडला, की नावं घेतलेल्या तिघांनाही बहुधा ऐकू गेलं असेल.

मासेवाल्या काकांनी कानांवर हात ठेवले. “मी? मी शब्द दिलाय आत्याला! शेपट्या देतो फक्त. त्या टाकायच्याच असतात. त्याला काय खायला देणं म्हणतात?”

बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, “मी एक घास देत नाही बाई. लोण्याचा कागद तेवढा चाटायला ठेवते.”

न्हावीकाका तर रागावलेच. “दूध पितात, खातात का? शाळेत काय शिकवतात तुम्हाला?”

तिघांनीही शब्द पाळला होता. आपापल्या परीने! मोठी माणसं सोयीचा अर्थ लावायला लागली, की भल्याभल्यांचं ऐकत नाहीत. यांना रागावून उपयोग नव्हता. दोन दिवस मान डोलावली असती आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा शेपटी!

कॅप्टन पायरीवर हनुवटी टेकून विचार करत बसली. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तिन्ही दुकानांत बाईसाहेबांचं जेवण पसरट होतं. पुठ्ठ्यावर, कागदावर, बशीत. घरी मात्र उभट वाटी, तीही फ्रिजमधली गार!

“मिशा अडकत असतील,” ती म्हणाली. “आणि गार अन्नाला वास येत नाही. भोंग्या, झाकण आण बिस्किटांच्या डब्याचं! शंकासुरा, पाणी गरम कर!”

गरम पाण्यात वाटी ठेवून खाणं कोमट केलं, झाकणावर पसरलं. बाईसाहेब आल्या, हुंगून बघितलं आणि निघून गेल्या. 

पण हार मानेल ती कॅप्टन कसली! तिने डॉक्टरताईंना फोन करून विचारून घेतलं, की रोजचं खाणं चार ठिकाणी वाटून दिलं तर चालेल ना. चालेल म्हणाल्या. मग स्वारी बेकरीत.

“मावशी, गल्लीत बाईसाहेबांचा सगळ्यात जास्त जीव कुणावर?”

“माझ्यावर! त्यात विचारायचं काय?”

हाच प्रश्न काकांना विचारला. “माझ्यावर!” न्हावीकाकांना विचारला. “माझ्यावर, अर्थात!”

“पण मावशी म्हणतात, त्यांच्यावर.”

“लोण्यावर जीव आहे, तिच्यावर नाही!”

“मग ठरवूया की,” कॅप्टन साळसूदपणे म्हणाली. “लोणी नाही, दूध नाही, मासा नाही. हे बेचव खाणं ज्यांच्या हातून बाईसाहेब खातील, त्यांच्यावर खरा जीव!”

झालं! गल्ली पेटली! मावशींनी भट्टीशेजारच्या उबेत बशी ठेवली आणि पोरीबाळींना समजवावं तशी समजूत घालायला सुरुवात केली. काकांनी पुठ्ठा चारदा बदलला. न्हावीकाका तर अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून जमिनीवर मांडी घालून बसले. “अहो, माझी दुसरी बाजू!” “थांबा हो, घास घेतायत त्या!”

आणि खरंच घेतला! पहिल्या दिवशी दोन-तीन घास, मग थोडे जास्त, मग बशी लख्ख! दुसरीकडे काही मिळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक दुकानात बाईसाहेब भुकेल्या पोटी पोचायच्या. तिन्ही दुकानदारांची छाती फुगली. आपण पोरांच्या डावात अडकलोय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

फक्त घरचं झाकण तसंच भरलेलं राहायचं.

एका संध्याकाळी आत्याने ओठांतले खिळे काढून हातात घेतले. “सगळ्यांच्या हातचं खाते,” ती म्हणाली. “माझ्याच हातचं नको तिला.”  कॅप्टन तिच्याशेजारी जाऊन बसली.

“माझी एक शंका आहे,” शंकासूर हळूच म्हणाला.

“आत्ता नको रे!”

“नाही, पण आत्या, हे झाकण गोंदाच्या डब्याशेजारी का ठेवतेस? मला तरी इथे बसून जेवता येणार नाही. डोकं दुखतं त्या वासाने!”

सगळ्यांनी गोंदाच्या डब्याकडे पाहिलं. स्पंज चिकटवायचा तो गोंद! आत्याच्या नाकाला त्याची कधीच सवय झाली होती. बाईसाहेबांच्या नाकाला नव्हती.

कॅप्टनने झाकण उचललं आणि धावत मागच्या अंगणाच्या पायरीवर नेलं. आत्या साबणाने हात धुऊन पायरीवर बसली. बाईसाहेब आल्या. त्यांनी झाकण हुंगलं, आत्याचे हात हुंगले आणि खाली मान घालून खायला लागल्या. थेट शेवटच्या कणापर्यंत!

आत्या रडत होती आणि हसतही होती. भोंग्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, बाईसाहेब दचकू नयेत म्हणून. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं साहस!

तपासणीच्या दिवशी सगळी गल्लीच दवाखान्यात हजर. डॉक्टरताईंनी कागदावर नजर फिरवली. “किडन्या पुन्हा नव्या होत नाहीत,” त्या म्हणाल्या, “पण दुखणं वाढायचं थांबलंय. अशाच जेवत राहिल्या तर बराच काळ मजेत राहतील. त्यांना कुणी खाऊ घातलं हो?”

“मी!” काका, मावशी आणि न्हावीकाका एकदम म्हणाले.

“आणि तुम्हाला घालायला कुणी लावलं?” आत्याने विचारलं. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. हळूहळू उजेड पडला. मासेवाले काका आधी लाल झाले आणि मग खो खो हसले. “पोरांनो, गंडवलंत की आम्हाला! शाब्बास!”

“माझी भाचरं आहेत,” आत्या ताठ मानेने म्हणाली. “आणि हा भोंगासुद्धा माझाच.”

डॉक्टरताईंनी दार उघडलं. बाहेर बाकावर एक आजोबा मांजराची टोपली घेऊन काळजीत बसले होते.

“आजोबा, तुमची मनी तेच खाणं खात नाही ना? मग या तिन्ही पोरांना विचारा. ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेत यातलं.”

कॅप्टन एकदम उंच झाल्यासारखी उभी राहिली. शंकासूर आजोबांशेजारी बसला, त्याने टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “आजोबा, माझी एक शंका आहे. तुम्ही तिची बशी कुठे ठेवता?”