कुलासो मास्तरांच्या दोन गिटारी

संस्थान विलीन झालं, दरबारचा बँड मोडला, तेव्हा कुलासो मास्तर आपली वाद्यं घेऊन बुऱ्हाणपूरला आले आणि लालबागेत स्टेशनाजवळ मेहुण्याकडे उतरले. कर्णे, ढोल, पिपाण्या लग्नातल्या वाजंत्र्यांनी हातोहात उचलल्या. राहिल्या दोन गिटारी. दोन्ही महोगनीच्या, जुन्या, हात लागून लागून काळपट झालेल्या. आमच्या गावात त्यांना कोण विचारणार?

नंदकुमारने विचारलं. तो शाळेत गाणं शिकवायचा, निदान पूर्वी शिकवायचा. थोरला भाऊ यादव दापोऱ्याला, घरच्या केळीच्या बागेतल्या विहिरीत पडून गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून नंदकुमारच्या गळ्यातून सूर फुटला नव्हता आणि शाळेने त्याला गणिताचे तास दिले होते. भावावर केवढा जीव, असं लोक म्हणत. ते कानावर पडलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गिटार आणा असं म्हणाली यादवची बायको, शारदा. ती बाग बटाईने देऊन ती आणि सासू गोदाबाई बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात नंदकुमारच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. गळा लागत नसेल तर हातांनी वाजवा, तिने सुचवलं, घर नुसतं खायला उठतं. त्याच्या जेवणाखाण्याची, कपड्यांची काळजी तीच घ्यायची. तिच्याकडे वर मान करून बघणं त्याला जमत नसे, मग नाही म्हणणं तर दूरच.

मास्तरांनी दोन्ही गिटारी पलंगावर शेजारी शेजारी निजवल्या. दोघी एकाच झाडाच्या, किंमतही एकच, हाताला बसेल ती घ्या, असं सांगून ते तपकिरीची डबी शोधायला लागले.

नंदकुमार तसा चिकित्सक. मान डोळ्यापाशी धरून ती वाकली आहे का ते त्याने पाहिलं, पाठीवरून बोट फिरवून चीर शोधली. पहिली गिटार बसक्या आवाजाची निघाली. सूर यायचा आणि आला तसा संपायचा. मग त्याने दुसरीची जाड तार छेडली आणि खोली भरून गेली. एवढा गोड आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. तो ऐकत राहिला. सूर विरत आला, आणि विरता विरता वर चढला.

छेडलेली तार उतरत जाते, आपण होऊन चढत नाही. म्हणून त्याने पुन्हा छेडली. सूर खालून निघाला, मध्ये किंचित खरखरला आणि लांबत वर गेला. बांधावर उभा राहून यादव असाच हाक मारायचा. नंदूऽऽ.

त्याने गिटारीच्या भोकाशी नाक नेलं. शेवाळाचा वास होता.

"ही ओलीत होती का?"

"नाही हो. कपाटात होती. कोरडी ठणठणीत आहे."

यादव गेला त्या दिवशी दिवेलागणीला नंदकुमार दापोऱ्याहून गाण्याच्या बैठकीला निघाला होता. धुतलेले कपडे, केसांना तेल. सकाळीच दोघा भावांचं वाजलं होतं. बागेच्या कडेने जाताना विहिरीकडून हाक आली. एकदाच. तिन्हीसांजेला केळीत कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे त्यांच्या घरात पोर बोलायला लागलं की शिकवतात. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असलं तर ते एकदाच मारतं. नंदकुमार थांबला, दुसरी हाक आली नाही, तो निघून गेला.

पण त्याला भीती वाटली नव्हती. आवाज त्याने ओळखला होता. आता हा मोटेला हात लावायला सांगणार आणि कपडे मळणार, एवढंच त्याच्या मनात आलं. रिवाज आयता हाताशी सापडला. ही गोष्ट त्याने आईला सांगितली नव्हती, शारदेला तर नाहीच.

त्याने पहिली गिटार उचलली. मास्तरांना नवल वाटलं.

"अहो, बोलते ती दुसरी."

"मला हीच बरी."

मुकं वाद्य पाहून घेणारं गिऱ्हाईक मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. नंदकुमारचे कान तापले. झोळीत घातलेली गिटार काखेत मारून तो मान खाली घालून घरी आला. जुन्या तारा उद्या बदलायच्या म्हणून त्याने सगळ्या खुंट्या पिळून सैल केल्या, तारा लोंबायला लागल्या, आणि झोळी भिंतीला अडकवली.

दिवा लागला. गोदाबाई खाटेवर वाती वळत बसली होती. शारदा आत भाकरी थापत होती.

झोळीतून हाक आली.

नंदूऽऽ.

तो हलला नाही.

"भाऊजी, ओ द्या ना," शारदा आतून म्हणाली. यादव असताना रोज म्हणायची तशीच, सहज. "ते हाक मारून राहिले."

मग भाकरीचा आवाज थांबला. ती दारात आली. हात पिठाचे होते. तिने खाटेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्हाले आइकू आली ना?"

सांगायचं असतं तर हीच वेळ होती. ते त्यालाही कळत होतं.

"नाही, वहिनी."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने मान खाली घातली. झोळीखालची फरशी ओली झाली होती.

पुन्हा हाक आली. पहिलीपेक्षा जरा जवळून.

गोदाबाईने हातातली वात खाली ठेवली.

"दुसरी आली," ती म्हणाली. "माणूसच हाय. ओ दे रे, नंदू."

आणि अंग आकसून घेऊन तिने खाटेवर एकाला बसायपुरती जागा केली.