परक्या गावचा आवाज

त्या दुपारी सभागृहाच्या वळचणीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, की तो आवाज नंतर आठवणीत शिरला, हे प्राध्यापक मुनाकातांना आता सांगता येत नाही. कापराचा वास मात्र नक्की होता.

१९२७ साली जपानातल्या कुरोसे गावाने मैत्रीखातर अमेरिकेला पाठवलेली बाहुली त्यांनी वर्षानुवर्षं माग काढून परत आणली होती. दुसऱ्या दिवशी महापौर पडदा उघडणार होते. त्याआधी गावातल्या किवाआजीला त्या बाहुलीला भेटायचं होतं.

निरोपाच्या समारंभात बाहुलीच्या वतीने एखादी मुलगी पडद्याआडून बोलायची. कुरोसेत बोलली ती आजीची थोरली बहीण, तोमे. "येते, मला विसरू नका," एवढंच. त्यानंतर जन्मभर ती मुकीच राहिली, आणि मुकीच गेली.

"बाहुलीनं पोरीचा आवाज नेला, म्हणायचे लोक," आजी म्हणाली. "एकदा ऐकू द्या, सर. मग मी मरायला मोकळी."

"आजी, ही भुश्शाच्या लगद्याची..."

"ठाऊक आहे हो! एवढे शिकलात म्हणून मला शाळा शिकवता?"

मुनाकातांनी बाहुलीकडे पाहिलं. तिच्या पायाखालच्या पाटीवर कुरोसेचं नाव होतं, पण किमोनोवरचं चिन्ह कुरोसेचं वाटत नव्हतं, हे त्यांना सकाळपासून खटकत होतं. अमेरिकेतल्या प्रदर्शनांच्या फिरतीत गावोगावच्या बाहुल्यांची अदलाबदल झाली असेल का? आपलंच चुकत असेल, म्हणून ते कुणापाशी बोलले नव्हते.

आजीने बाहुलीच्या ओठांशी कान नेला. ठिबकणं थांबलं. कापराच्या वासात काहीतरी ओलसर मिसळलं, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखं. आजीचा चेहरा हळूहळू उतरला.

"ही ताई नव्हे."

"काय... काय ऐकलंत?"

"निरोप घेतेय. पण दक्षिणेच्या बोलीत... क्यूशूकडची कुणाची तरी पोर आहे." ती ताठ झाली. "आमची कुठे टाकून आलात, सर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी महापौरांना चिन्हाची शंका सांगितली.

"फलक लागलेत, सर," महापौर हसले. "बाहुली थोडीच तक्रार करणार आहे?"

पडदा उघडला, टाळ्या पडल्या. किवाआजी फिरकली नाही. त्याच वसंतात ती गेली. कुरोसेची बाहुली कधीच सापडली नाही.

पुढे काही वर्षांनी दुरुस्तीसाठी किमोनो उतरवला, तेव्हा पाठीवर क्यूशूतल्या एका बंदराचं नाव शाईने लिहिलेलं निघालं. मुनाकाता तिथे गेले. तिथे पडद्याआडून बोललेल्या मुलीचा धाकटा भाऊ भेटला. चहा ओतून त्याने पेला पुढे सरकवला.

"अक्का आत बसलीय, भेटा," तो म्हणाला. "बोलणार मात्र नाही... बाहुलीला निरोप दिला, त्या दिवसापासून ती बोललेली नाही."