बाराला थांबणारं यंत्र

पॅरिसच्या प्रदर्शनात आन्सेल्म मला भेटला तो एका पडलेल्या काडीमुळे. मी फ्रान्सच्याच डोंगराळ वेले भागातली. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी काड्यांना गुंडाळलेल्या धाग्यांनी हातलेस विणणारी. समोरच्या ओट्यावर कॅले शहरातल्या कारखान्याचं लेसयंत्र दिवसभर धडधडायचं, आणि ते चालवणारा तो. माझं महिन्याचं काम तो तासाभरात काढायचा. लोक आधी त्याच्याकडे बघत, मग माझ्याकडे... कीव आल्यासारखे.

एका दुपारी धागा तुटून माझी एक काडी घरंगळत त्याच्या बुटापाशी गेली. ती द्यायला तो आला, तर माझे डोळे मिटलेले.

"झोप लागली वाटतं," तो म्हणाला.

प्रार्थना पुरी करून मगच मी बोलले. आईच्या दुखण्यात मी पवित्र मातेला नवस बोलले होते... ती उठली, तर चर्चची बाराची घंटा झाली की हात थांबवून प्रार्थना करायची, एक दिवसही चुकवायचा नाही.

"पण इथे घंटा ऐकूच येत नाही. तुमचं यंत्र ओरडतं ना. मी आपली अंदाजाने थांबते."

काडी माझ्या हातावर ठेवताना त्याची तेलकट बोटं क्षणभर रेंगाळली. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बाराला यंत्र थांबलं. नदीपलीकडून घंटा ऐकू आली – बारीक, पण स्वच्छ. कारखान्याचा मालक धावत आला, तेव्हा आन्सेल्मने धागा तुटल्याचं सांगितलं. मग तो रोजच तुटू लागला.

"कॅलेचे धागे इतके नाजूक?" एकदा मी विचारलंच.

"बाराची हवा मानवत नाही त्यांना."

परीक्षक यायचे त्या दिवशी मात्र मी त्याला सकाळीच बजावलं, आज थांबवू नका. पदक मिळालं तर तो कारखान्याचा मुख्य कारागीर होणार होता. नाही तर मालक त्याला ठेवणार नव्हता. तो नुसता हसला.

परीक्षक आले, बारा वाजले... आणि यंत्र थांबवताना पट्टा सरकतो, तो ओळखीचा आवाज. माझे हात थांबले. तो टोपी काढून उभा होता.

काय तुटलं, असं परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "त्यांची प्रार्थना चालू आहे."

पदक गेलं. संध्याकाळी कामही गेलं. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून तो माझ्यापुढे आला, तेव्हा मला रडू आवरेना.

"तुमच्या गावात घंटा ऐकू येते?" त्याने विचारलं.

"दिवसातून तीनदा."

"आणि यंत्रं?"

"एक पाणचक्की आहे. सारखी बिघडते."

"म्हणजे मला काम आहे. आणि... तुमची हरकत नसेल तर..."

तो पहिल्यांदाच अडखळला. आमच्याकडे लेसवाली मुलगी आपली काडी परक्याच्या हाती देत नाही. मी तीच, त्याच्या बुटापाशी गेलेली काडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

आता बाराला आमची चक्की थांबते. नवसाची प्रार्थना संपली की मी हळूच आणखी एक आभार मानते – त्या धडधडणाऱ्या यंत्राचे. ते इतकं ओरडलं नसतं, तर माझ्यासाठी ते कोण थांबवतं, हे मला कसं कळलं असतं?